पडद्यावरची तलवार, सरकारचा रणगाडा

युद्धपट पाहून घरी परतणारा प्रेक्षक नायकाविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो. ज्या रणगाड्याच्या धुरळ्याने पडदा भरून गेला तो कोणाच्या मालकीचा, हे सहसा विचारीत नाही. आम्हां बंगळूरकर मराठी मंडळींस हा प्रश्न पडावयास हरकत नाही. विमाने आणि सैन्याची दळणवळण-यंत्रे घडविणारे मोठे कारखाने याच नगरीत आहेत, आणि जे. पी. नगर व आसपास स्थायिक झालेल्या आमच्यापैकी कित्येकांचे बिऱ्हाड अशा कारखान्यांतील नोकरीनिमित्तच येथे आले. पडद्यावरील शस्त्र ज्याच्या ताब्यात, त्याचा कथेवरही थोडाबहुत अधिकार चालतो, असे आमचे मत आहे. त्याचीच ही हकीकत.

आरंभ कोल्हापुरापासून करणे उचित. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात बंदुकीबरोबर तलवार आणि भालाही परवान्याच्या कक्षेत आला. कोल्हापूर हे संस्थान. तेथे जुन्या घराण्यांत शस्त्रे होती, पागेत घोडे होते, तालमीत कसलेली पोरे होती आणि पन्हाळा हाकेच्या अंतरावर होता. मराठी ऐतिहासिक चित्रपट याच मातीत का रुजला, या प्रश्नाचे निम्मे उत्तर आम्हांस येथे दिसते. बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला. रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. शेलारमामाच्या भूमिकेत होते तरुण शांताराम. पुढे त्याच शांतारामांनी ‘प्रभात’तर्फे शिवचरित्रावर ‘स्वराज्याचे तोरण’ हा बोलपटापूर्व चित्रपट केला. मुंबईच्या सेन्सॉरने ‘स्वराज्य’ या शब्दास हरकत घेतली आणि १९३० मध्ये चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने प्रकाशित झाला. मावळ्यांच्या तलवारी चालल्या, शब्द चालला नाही! भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला. तरीही १९५२ मध्ये त्यांचा ‘छत्रपती शिवाजी’ पडद्यावर आला. सरकार सेन्सॉर होते, पण शस्त्रागाराच्या किल्ल्या त्याच्या हाती नव्हत्या.

जाता जाता या शस्त्रांच्या रंगभूषेविषयी. कॅमेऱ्याजवळच्या दोघाचौघांच्या हाती धार बोथट केलेले खरे पाते असते. मागच्या गर्दीला लाकडी पाते आणि त्यावर चंदेरी कागद पुरतो. तलवारींचा खणखणाट बहुधा मागाहून ध्वनिमुद्रणात भरतात, कारण लाकडावर लाकूड आपटले की लाटण्याचा आवाज येतो.

रणगाडा आणि लढाऊ विमान मात्र कोणाच्या वाड्यात सापडत नाही. ते सरकारकडूनच यावे लागते, आणि संरक्षण खात्याचे साहाय्य हवे तर संहिता आधी खात्याच्या नजरेखालून जावी लागते. चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) लडाखमध्ये सैन्याच्या मदतीने चित्रित झाला. विषय होता १९६२ ची माघार. पराभवावरचा चित्रपट सरकारी साहाय्याने निघावा हे विशेषच. तथापि त्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती बहुतांशी जुन्या घडणीची ·३०३ रायफल का होती, हे दिल्लीस विचारण्याच्या फंदात तो पडत नाही. गोविंद निहलानींचा ‘विजेता’ (१९८२) आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. त्याचे लेखन दिलीप चित्रे यांचे. विमानदलाची मिग-२१ विमाने त्यात गरजतात; पण नायक गोंधळलेला, घाबरणारा मुलगा आहे. हीच विमाने नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनविली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली. नाना पाटेकरांचा ‘प्रहार’ (१९९१) तर आपल्या सीमाभागातला : बेळगावचे कमांडो प्रशिक्षण केंद्र, आणि भूमिकेसाठी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर घेतलेले शिक्षण. सैन्याने दारे उघडली, आणि चित्रपटातला मेजर अखेर न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभा राहिला. खात्याच्या नजरेखालून गेलेली प्रत्येक कथा गुळमुळीत होते, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

शत्रूची शस्त्रे आणायची कोठून, ही अडचण मात्र सर्व देशांत सारखीच. १९७० च्या ‘पॅटन’ या अमेरिकन चित्रपटासाठी स्पेनच्या सैन्याने रणगाडे दिले. ते होते अमेरिकन बनावटीचे, त्याच सेनापतीच्या नावाचे ‘पॅटन’ रणगाडे. आणि त्यांनी जर्मनांचेही काम केले. म्हणजे पडद्यावर पॅटनसाहेब पॅटनवरच गोळे झाडीत होते! हेच रणगाडे १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे आपल्या सैन्याने निकामी केले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

या साऱ्या खोटेपणात मरण मात्र खरे असते. कोऱ्या काडतुसात गोळी नसते, पण दारू असते. अगदी जवळून झाडले तर तेही जीव घेते. १९९३ मध्ये अमेरिकेत चित्रीकरण चालू असता नट ब्रँडन ली दगावला. मात्र आमच्या दाराशी घडलेली दुर्घटना याहून कितीतरी मोठी. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत टिपू सुलतानावरील दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण होत असता आग लागली. आतल्या भिंतींना गोणपाट लावलेले, वारा खेळण्यास जागा नाही. पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नायक आणि दिग्दर्शक संजय खान भाजून महिनोन्महिने इस्पितळात राहिले. मालिका पुढे पूर्ण झाली, घरोघरी पाहिली गेली. मृतांची नावे श्रेयनामावलीतल्या नटांइतकी कोणास ठाऊक आहेत?

आता संगणकावर हवे तेवढे रणगाडे काढता येतात. त्याने जीव वाचतील, सरकारची मिनतवारीही कमी होईल. येथील विमानतळ रस्त्यावरील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात ‘मारुत’ उभे आहे : कुर्ट टँक यांनी याच शहरात आखलेले, १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले, १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर लढलेले. आज एकही मारुत उडत नाही. त्याची कथा कोणी पडद्यावर आणू म्हणेल तर ते संगणकातच उडवावे लागेल. आणि पंखांपासून चाकापर्यंत त्याला ओळखणारी, ते घडविणारी थोडी वयोवृद्ध माणसे अद्याप या शहरात आहेत. चित्रकारांनी त्यांना वेळीच गाठावे.