औदुंबराची बैठक

शांततेवर लिहिलेल्या कविता मराठीत पुष्कळ आहेत. पण शांततेचा उच्चारही न करता वाचकाला स्तब्ध करणारी कविता कोणती, असे कोणी विचारल्यास आम्ही बालकवींच्या ‘औदुंबर’चे नाव घेऊ. अवघ्या आठ ओळींची ही कविता. तिच्यावर झालेले लेखन मात्र तिच्या शंभरपट तरी भरेल!

आम्हा भिंगारकरांना या कवीविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते, ती शेजारधर्माने. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म 1890 सालचा, खानदेशातील धरणगावचा. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या स्नेहामुळे ते नगरला त्यांच्या घरी काही काळ राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त भेटणारे ठोमरे अगदी घरच्या मुलासारखे आहेत: लाडके, हट्टी, खोडकर. माणसांनी सदा भरलेल्या घरातला हा पोरसवदा तरुण आणि ज्या कवितेत एकही माणूस दिसत नाही ती ‘औदुंबर’, यांची सांगड घालणे सोपे नाही.

कवितेत माणसांच्या खुणा आहेत. गाव आहे, शेते आहेत, पायवाट आहे. माणूस तेवढा नाही. झरा वाहतो, पायवाट वेडीवाकडी होत डोहाकडे जाते. डोहाचे पाणीही निश्चल नाही, त्यावर लाटा आहेत. म्हणजे कवितेतली स्थिरता पाण्याची नव्हे. सगळी गती संपता संपता शेवटच्या ओळीत एकजण बसलेला दिसतो, तो औदुंबर. ‘उभा’ असणे हा झाडाचा धर्म. कवीने त्याला बसवले आहे. एवढ्या एका क्रियापदाने झाडाला देह मिळतो, देहाबरोबर मनही. सामान्य ‘उंबर’ न म्हणता ‘औदुंबर’ म्हटल्याने दत्तस्थानांचे वातावरण आपोआप मागे उभे राहते. तरी आम्हांस तो तपस्वी वाटत नाही. तपस्वी पाण्यात पाय सोडून बसत नाहीत. तसे बसतात ती दुपारी रानात भटकणारी मुले.

या कवितेला आत्मचिंतनाची कविता म्हणावे काय? ‘निर्झरास’मध्ये कवी झऱ्याशी बोलतो, ‘पारवा’त पक्ष्याच्या दुःखाला आपले दुःख विचारतो. तेथे ‘मी’ आहे. ‘औदुंबर’मध्ये तो नाही. पाणी आले की प्रतिबिंब यावे, हा कवितेतला जुना संकेत. येथे झाडाची सावली पाण्यावर पसरते आणि पाणी झाकोळून जाते. पाहणाऱ्याला त्यात आपला चेहरा दिसण्याची सोयच कवीने ठेवलेली नाही. आमच्या मते या कवितेचे बळ येथे आहे. चिंतन काय करायचे हे ती सांगत नाही, केवळ बसण्याची जागा दाखवते. ती जागा वाचकाने घ्यायची.

मात्र बहुतेक वाचक ती रिकामी घेत नाहीत. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. ही माहिती मिळाल्यावर काळा डोह मृत्यूचा वाटू लागतो, पायवाट आयुष्याची वाटते आणि पाहता पाहता आठ ओळींचे भाकीत होते. बालकवींच्या इतर कवितांतली उदासी नाकारण्याचे कारण नाही. पण या कवितेतल्या काळोखाला कवीने स्वतःच गोड म्हटले आहे, हे या वाचनात गाळले जाते. वर्गात तर चरित्र आधी आणि कविता मागाहून, असा क्रम पडून गेला आहे. अपघात आधी सांगितला की विद्यार्थ्याला डोहाकडे पाहायला उरतेच काय?

शिक्षकमित्रांना म्हणून सुचवावेसे वाटते, की आठ ओळी एकदा संथपणे वाचून दाखवाव्यात आणि मिनिटभर काहीच बोलू नये. आमच्या अवर्षणग्रस्त भागातल्या मुलाने भरलेला डोह फारसा पाहिलेला नसेल. उंबर त्याने पाहिलेला असतो, बहुधा एखाद्या विहिरीच्या काठी.