वाऱ्याला दोन दारे

उकाडा म्हणजे काय, हे कर्जत-खालापूरच्या माणसाला सांगावयास नको. एका अंगाला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर. मधल्या खोलगटात वैशाखात पानही हलेनासे होते. अशा या मुलखात थंडाव्याचा एक लहानसा इतिहास घडून गेला आहे. मला तो सापडला आमच्या शाळेतल्या संगणकाच्या पत्र्याच्या जुन्या पेटीत. फराळाचे ताट पुढ्यात असताना घटकाभर तो ऐकावयास हरकत नाही.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूरकडील चौक गावी मुक्कामास होते. तेथून ते डोंगर चढून गेले, आणि वरची गर्द झाडी व गार वारा पाहून हरखले. डोंगरातल्या ठाकर-धनगरांना ती जागा पूर्वापार ठाऊक होती. पण माथेरानचे नाव सर्वत्र झाले ते यानंतर. पुढे आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी आगगाडी वर नेली. ती १९०७ साली सुरू झाली. वारा आपल्याकडे येत नाही, तर आपण वाऱ्याकडे जावे, ही थंडाव्याची पहिली रीत. खिशात पैसा असेल तर याहून उत्तम रीत नाही!

ज्यांना कामामुळे खालीच राहावे लागे, त्या साहेबलोकांच्या कचेऱ्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे. दाराबाहेर बसलेला पंखेवाला दिवसभर त्याची दोरी ओढी. आत साहेबाला वारा, बाहेर पंखेवाल्याला घाम. ही दुसरी रीत.

तिसरी रीत आमच्याच घाटातून उतरली. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेले पावसाचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळू लागले, आणि त्यातून निघालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे धावली. पाठोपाठ १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. पाणी मात्र आपले काम करून पाताळगंगेला आणि उल्हासला मिळाले. डोंगर आमचा, पाऊस आमचा. पण आमच्या कित्येक वाड्यांत विजेचा दिवा लागावयास स्वातंत्र्यानंतरही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

मग तोवर आमची माणसे काय करीत? त्यांची घरेच वारा खेळवीत. कारवीच्या कुडाची भिंत, पुढचे दार, मागचे दार, वर कौले. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपोआप बाहेर पडे आणि त्याच्या जागी दारातून ताजी हवा येई. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, हे शास्त्र ठाकरवाडीतल्या म्हातारीने पुस्तकात वाचलेले नव्हते. तिने घर मात्र त्याच हिशेबाने बांधलेले असे. पुढे सिमेंटचा स्लॅब आला, मागचे दार बुजले, आणि छताचा पंखा तीच तापलेली हवा खोलीभर घुसळीत बसला.

आता संगणकाकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कामास लागला, त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे आत तार तापवून ठेवलेला काचेचा दिवाच. तेव्हा गणित आणि उष्णता ही जोडी जन्मापासूनची. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक निघाला, त्याच्या सबंध पेटीला पुरणारी वीज जेमतेम साठ वॉटच्या दिव्याएवढी होती. वीजपुरवठ्याच्या डब्यातला एक पंखा तिला पुरे होई. २००४ च्या सुमारास एकेक प्रोसेसर एकटाच शंभर वॉटच्या दिव्यासारखा तापू लागला. पेट्या मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच राहिल्या.

आमची पेटी त्यांतलीच. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या जुन्या संगणकातले जरा नवे भाग आणून तीत बसवून दिले. वर्गातली सारी मुले पाळीपाळीने त्याच एका यंत्रावर शिकत. पण मार्च उजाडला आणि दुपारी दोनच्या सुमारास ते आपोआप बंद पडू लागले. भंगारात द्यावे, असे बोलणे सुरू झाले. दुसरे यंत्र मिळण्याची आशा नव्हती.

मी दोन पंखे आणले. मागच्या बाजूला ऐंशी मिलिमीटरच्या पंख्याची भोके तयारच होती. पुढच्या जाळीमागेही तेवढीच जागा निघाली. अधिक वारा आत जावा म्हणून मी दोन्ही पंखे आत फुंकणारे बसवले, आणि विजयी मुद्रेने कळ दाबली. यंत्र पूर्वीपेक्षाही लवकर बंद पडले!

ठाकरवाडीतली एक मुलगी हे पाहत होती. तिने सरस्वतीच्या तसबिरीपुढची उदबत्ती उचलली आणि पेटीच्या मागे, जराशी दूर धरली. वरच्या डब्यातल्या पंख्याने धूर बाहेर ढकलला, आणि खालच्या माझ्या पंख्याने तोच पुन्हा आत ओढून घेतला.

“गुरुजी,” ती म्हणाली, “वरचा बाहेर टाकतोय नि खालचा तेच परत घरात घेतोय. चुलीचा धूर दारातून परत आला तर आई ओरडंल की!”

मी मुकाट्याने मागचा पंखा उलटा केला. पंख्याची ज्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात, तिकडून वारा बाहेर पडतो; एवढी खूण मला तेव्हा कळली. आत वाट अडवून बसलेल्या रुंद चपट्या तारा सुतळीने बाजूला बांधल्या. आता पुढून, खालून गार हवा आत. मागून, वरून तापलेली बाहेर. त्या दुपारी दोन वाजले, तीन वाजले. यंत्र चालूच राहिले. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत ते एकदाही बंद पडले नाही.

परवा दिवाळीच्या साफसफाईत आम्ही ती पेटी उघडली. वीटभट्ट्यांची आणि भाताच्या तुसाची धूळ जाळीवर बसली होती. पाते बोटाने धरून ठेवायचे आणि रंगाच्या कोरड्या ब्रशाने धूळ झाडायची, हे काम त्या मुलीनेच केले. मग ती उठली आणि वर्गाची मागची खिडकी उघडली. बाकांची रास लावल्यामुळे ती कित्येक वर्षे बंदच होती.