चौल : सागराविना वसलेल्या नगरीचे बंदर

बंदर म्हटले की शिडाची गलबते, धक्क्यावर रचलेला माल आणि खारा वारा डोळ्यांपुढे येतो. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला यांपैकी काहीच आलेले नाही. पश्चिमेला कळसूबाईचे शिखर, उत्तरेला गोदावरी, मध्यातून वाहणाऱ्या प्रवरा व सीना आणि बाकी अवर्षणाची काळी-मुरमाड जमीन असा हा मुलूख आहे. तरीही या नगरीला एके काळी स्वतःचे बंदर होते आणि त्याची कीर्ती इराणपासून पोर्तुगालपर्यंत पसरलेली होती. ते बंदर म्हणजे कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले चौल होय. आज ते रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये विसावलेले एक शांत गाव आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर खाड्या अनेक आहेत, परंतु जगाच्या नकाशावर नाव उमटवणारी बंदरे थोडी. बंदराला नावलौकिक कशामुळे लाभतो, आणि लाभलेला नावलौकिक कशामुळे जातो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चौलच्या इतिहासात मिळतात. ती व्यापारी समाजाने विचारात घ्यावीत अशी आहेत.

प्राचीन किनारा आणि घाटवाटा

सोपारा, कल्याण आणि चौल ही उत्तर कोकणची तीन प्राचीन बंदरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तिकेत आणि दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात चौलचा उल्लेख ‘सेमुल्ला’, ‘सिमुल्ला’ अशा रूपांत येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ‘चेमुल’ असे नाव आढळते. लेणी कोरण्यासाठी द्रव्य देणाऱ्यांमध्ये या बंदरांतील व्यापारी होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

जैन परंपरेतही या किनाऱ्याला मानाचे स्थान आहे. आचार्य वज्रसेनसूरींची कथा सोपारकाशी जोडलेली आहे. भीषण दुष्काळाच्या काळी तेथील श्रेष्ठी जिनदत्त यांच्या चार पुत्रांनी त्यांच्याकडे दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांवरून नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर ही चार कुळे प्रसिद्ध झाली, असे परंपरा सांगते. समुद्रव्यापार करणारे गाव केवळ धनाचेच नव्हे, तर धर्मविचाराचेही केंद्र बनते याचे हे उदाहरण होय.

या बंदरांचा प्राण मात्र किनाऱ्यावर नव्हता. पैठण, तेर, जुन्नर या देशावरील पेठांतून निघालेला माल सह्याद्री उतरून खाली येत असे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख आणि तेथील दगडी रांजण त्या वाटेची साक्ष आजही देतात. त्या रांजणात जकातीची नाणी टाकली जात, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. घाट चालू असला की बंदर जागे आणि घाट बंद पडला की बंदर निजलेले, असा हा हिशेब होता.

सर्वांना आसरा देणारे गाव

इसवी सन ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल्‌-मसूदी चौलला आला. त्या वेळी तेथे राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार राज्य करीत होते. चौलमध्ये दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांपैकी अनेक जण तेथेच जन्मलेले आहेत व त्यांच्या तंट्यांचा निवाडा त्यांच्यातीलच एक प्रमुख करतो, असे त्याने नमूद केले आहे. हिंदू राजाच्या बंदरात परधर्मीय व्यापाऱ्यांना स्वतःच्या रीतिरिवाजांप्रमाणे राहता येत होते. परक्या व्यापाऱ्याला त्या गावात रात्री निर्धास्त झोप लागत असे, हीच त्या गावाची मोठी पुंजी होती.

याच परिसरात बेने इस्रायली ज्यू समाज शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालविणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. चौलच्या टेकड्यांवर हिंगुळजा देवी व दत्तात्रेयांची स्थाने आहेत, गावात रामेश्वराचे मंदिर आहे, आणि शेजारच्या रेवदंड्यात ज्यू प्रार्थनामंदिर व पोर्तुगीज चर्चचे अवशेष आहेत. एवढ्या लहान जागेत इतक्या उपासना नांदल्या, यातच बंदराचे खरे व्यक्तिमत्त्व दिसते.

इसवी सन १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विक्रीसाठी एक घोडा घेऊन येथेच उतरला. पुढे तो जुन्नरला गेला. तेथील सुभेदाराने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदलल्यास तो परत देऊ, असे सांगितले. सुदैवाने एका अधिकाऱ्याच्या मध्यस्थीमुळे घोडा परत मिळाला आणि धर्मही राहिला. ही हकिकत निकितिनने स्वतः लिहून ठेवली आहे. एका घोड्याची जप्ती ही दरबाराच्या दृष्टीने क्षुल्लक बाब असेल, परंतु तिची नोंद साडेपाचशे वर्षे टिकली. व्यापाऱ्यास दिलेली चांगली वा वाईट वागणूक किती दूर पोहोचते, हे यावरून समजते.

नगर आणि चौल

जुन्नर हेच पुढे निजामशाहीचे उगमस्थान ठरले. मलिक अहमदने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि १४९४ मध्ये सीनेच्या काठी त्याच जागी नवे नगर वसविण्यास आरंभ केला. हेच अहमदनगर होय. २०२४ मध्ये शासनाने त्याचे नाव अहिल्यानगर असे केले. थोड्याच वर्षांत हे शहर बगदाद व कैरो यांच्या बरोबरीचे मानले जाऊ लागले, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. सागर नसलेल्या, अवर्षणाच्या प्रदेशातील शहराची तुलना अशा वैभवशाली नगरांशी कशी झाली? त्याचे एक मोठे कारण म्हणजे निजामशाहीच्या हाती असलेले चौल बंदर.

सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने चौलच्या बाजाराचे वर्णन केले आहे. हिवाळ्यात जहाजे येत, त्याच सुमारास देशावरून बैलांचे मोठमोठे तांडे घाट उतरत. एकेक हाक्या वीस-तीस बैल पुढे घालून चालवी. शहरापासून काहीशा अंतरावर या व्यापाऱ्यांचा तळ पडे आणि तेथेच सौदे होत. देशावरून गहू, ज्वारी-बाजरी, तीळ आणि मुख्यत्वे सुती कापड खाली येई. परतीच्या बैलांवर तांबे, पारा, हिंगूळ, मसाले, नारळ व सुपारी वर जाई. दरबाराला सर्वाधिक हव्या असत त्या इराण-अरबस्तानातील घोड्यांच्या खेपा.

कापडाच्या व्यापाराची जाण असलेल्यास या वर्णनाचे मोल विशेष वाटेल. देशावरची पातळ मलमल आणि चौलच्या विणकरांचे रेशमी वस्त्र परदेशी व्यापारी आवर्जून घेत. ताका उलगडून पाहण्यापूर्वीच तो कोठून आला हे विचारले जाई, आणि गावाचे नाव ऐकून भाव ठरे. मालाचा गुण गावाच्या नावाला चिकटतो व पुढे गावाचे नावच मालाची हमी बनते, हे बाजाराचे जुने सूत्र येथे लागू पडते. त्या नावामागे किनाऱ्यावरील विणकराबरोबर घाटमाथ्यावरचा शेतकरी, कातणारी स्त्री, तांडेवाला आणि अडत्या या सर्वांचे श्रम होते.

तोफा, परवाने आणि पडझड

पोर्तुगीजांनी समुद्रावर परवान्याची पद्धत लादली. त्यांचा परवाना नसलेले जहाज जप्त होई. त्यामुळे व्यापारी भीतीपोटी बांधला गेला, विश्वासाने जोडला गेला नाही. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त व दीवच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेडा मारला गेला. तरीही निजामशाहीला घोड्यांची गरज होती. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्यास किल्ला बांधण्याची परवानगी दिली आणि १५२४ पर्यंत तो उभा राहिला. तेव्हापासून एका खाडीवर दोन चौल झाली : वरचे निजामशाहीचे आणि खालचे पोर्तुगीजांचे.

१५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने मोठे सैन्य घेऊन रेवदंड्यास वेढा घातला. तो सुमारे सहा महिने चालला, परंतु यश आले नाही आणि १५७१ मध्ये तह झाला. निजामशाहीचे काही सरदार नजराण्यांना, विशेषतः मद्याला भुलून शत्रूकडे रसद जाऊ देत होते, असे अहमदनगरच्या दरबारी राहिलेल्या फिरिश्त्याने लिहिले आहे. तोफा कमी पडल्या नव्हत्या, इमान कमी पडले होते. १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर निजामशाहीने तटबंदी केली, तीही त्याच वर्षी पोर्तुगीजांनी जिंकली. पुढे १६३६ मध्ये निजामशाही संपली व वरचे चौल विजापूरकरांकडे गेले. नगर व चौल यांना बांधणारा राजकीय धागा तुटला. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला तोवर व्यापार अन्यत्र वळला होता.

समुद्र तेथेच होता, खाडीही तेथेच होती. मात्र घाटावरून उतरणारा माल आटला, परक्याला मिळणारी निश्चिंती गेली आणि दिलेल्या शब्दाची पत उरली नाही. या तीन गोष्टी हरवल्यानंतर बंदर उरते ते नावापुरते.

पत ज्याची, बंदर त्याचे

चौल मावळत असताना सुरतचा भाग्योदय झाला. सुरतेचे लोंकागच्छीय श्रावक वीरजी व्होरा यांच्याकडून इंग्रज कंपनी वेळोवेळी कर्ज घेत असे, हे कंपनीच्याच कागदपत्रांतून दिसते. तोफा बाळगणाऱ्या कंपनीलाही पेढीच्या दारी यावे लागत असे, कारण तेथील हुंडी दूरदूरच्या पेठांत सकारली जात होती.

१६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला मिळाले. व्यापारी आणल्याखेरीज बेटाला किंमत नाही, हे गव्हर्नर जेराल्ड आँजियरने ओळखले. चौलचे रेशीम विणकर याच काळात मुंबईत येऊ लागले व त्यांच्या वसतीची सोय करण्यात आली. १६७७ मध्ये दीवचे व्यापारी नीमा पारख यांनी मुंबईत येण्यापूर्वी कंपनीपुढे आपल्या अटी मांडल्या. धर्माचरणाची मोकळीक असावी, आपल्या आवारात कोणी जीवहत्या करू नये, मृतांचे दहन आपल्या रीतीने करता यावे, अशा त्या अटी होत्या. कंपनीने त्यांपैकी बहुतेक मान्य केल्या. जकातीच्या सवलतीइतकेच महत्त्व त्या व्यापाऱ्याने अहिंसेच्या पालनाला दिले आणि बंदरानेही ते मानले. मुंबईच्या उत्कर्षाचा पाया अशा करारांतून घातला गेला. अल्‌-मसूदीने चौलमध्ये जे पाहिले होते, तेच सात शतकांनी मुंबईने नव्याने आरंभिले.

उरली होती घाटाची वाट. १८६३ मध्ये बोर घाटातून रेल्वे वर आली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन नगर शहर मुंबईशी जोडले गेले. बैलांच्या तांड्यांची जागा मालगाडीने घेतली. नगर, भिंगार व संगमनेर येथील मागांवरची लुगडी-पागोटी एकीकडे आणि मुंबईच्या गिरण्यांचे कापड दुसरीकडे, अशी आवक-जावक वाढली. मुंबईची मूळजी जेठा मार्केट व नगरचा कापड बाजार यांच्यातील नाते त्याच जुन्या घाटवाटेचे नवे रूप होते. ताके आधी रवाना होत, रक्कम मुदतीवर पोहोचे, आणि मधल्या काळात दोन्हीकडच्या वह्यांतील अक्षरे हीच एकमेव हमी असे.

आज नगर जिल्ह्याचा कांदा उरणजवळच्या, १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातून परदेशी जातो. पेटीवर बंदराचे नाव कोणतेही असो, आत निवडलेला माल कसा आहे यावरच पुढची मागणी अवलंबून राहते.

उपसंहार

चौलमध्ये आज रेवदंड्याची ढासळती तटबंदी, निकितिनच्या स्मरणार्थ उभारलेले स्मारक आणि पलीकडे कोर्लई गावात अजूनही बोलली जाणारी पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली एवढ्या खुणा उरल्या आहेत. नगरहून अलिबागला सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करून त्या अवश्य पाहाव्यात आणि आपल्या मुलांना सांगावे की हे आपल्या गावाचे बंदर होते.

बंदराचा लौकिक भरती-ओहोटीवर अवलंबून नसतो. दूरचा माल विश्वासाने येणे, परक्याला आपल्या धर्मासह राहता येणे आणि बोललेला शब्द पाळला जाणे, या तीन गोष्टींनी तो घडतो. या तिन्ही गोष्टी सागराविना वसलेल्या नगरीलाही साधता येतात. आपल्या पूर्वजांनी बाजारपेठेत जी पत कमावली ती याच मार्गाने. ती जपणे पुढील पिढीच्या हाती आहे.