देवतासादृश्य आणि इष्टदेवता : चरकसंहितेंतील सप्तविध सत्त्वांचा विचार

मनुष्याचा जसा स्वभाव तसें त्याचें दैवत, आणि आपला स्वभाव ओळखून आपलें इष्टदैवत निश्चित करण्याची रीति आपल्या पूर्वजांत रूढ होती, असें विधान अलीकडे वारंवार वाचण्यांत येतें. प्रश्नांची एक मालिका द्यावी, उत्तरें मोजावीं, आणि वाचकास तो शिवस्वरूप आहे कीं विष्णुस्वरूप आहे हें सांगावें, असा हा प्रकार आहे. मनोरंजन म्हणून त्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्याच्या प्राचीनत्वास आधार म्हणून चरकसंहितेचें नांव पुढें करण्यांत येतें, तेव्हां त्या ग्रंथांत प्रत्यक्ष काय लिहिलें आहे हें पाहणें इतिहासाच्या अभ्यासकास प्राप्त होतें.

शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायांत चरकानें सत्त्वाचे, म्हणजे मनाचे, सोळा भेद सांगितले आहेत. शुद्ध सत्त्वाचे सात : ब्राह्म, आर्ष, ऐंद्र, याम्य, वारुण, कौबेर आणि गांधर्व. राजसाचे सहा : आसुर, राक्षस, पैशाच, सार्प, प्रैत आणि शाकुन. तामसाचे तीन : पाशव, मात्स्य आणि वानस्पत्य. वाचकानें एवढी यादी पाहतांच एक गोष्ट ध्यानांत यावी. ज्या ग्रंथांतून आपलें दैवत शोधावयाचें, त्यांतच आपणांस मत्स्य अथवा वृक्ष ठरण्याचीहि सोय आहे. आधुनिक प्रश्नमालिकांतून हा भाग वगळला जातो, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

तथापि या वर्णनांत सूक्ष्म निरीक्षण आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. ऐंद्र सत्त्वाचा पुरुष ऐश्वर्यवान्, शूर, दूरदर्शी, आणि ज्याचा शब्द इतरांनीं मानावा असा. वारुण सत्त्वाचा पुरुष धीर, शुचि, अस्वच्छतेचा तिटकारा असलेला, जलविहाराची आवड असलेला. त्याचा कोप आणि प्रसाद योग्य स्थळींच होतो. कौबेर पुरुषाचा कोप व प्रसाद, उलटपक्षीं, उघड दिसतो. त्यास मान, उपभोग व परिवार यांची समृद्धि असते. गांधर्व पुरुष नृत्य, गीत व वाद्य यांचा भोक्ता, आख्यायिका व पुराणें यांत कुशल, गंधमाल्यांचा शौकी, परंतु मत्सररहित. हा शेवटचा गुण चरकानें मुद्दाम घातला असावा असें आम्हांस वाटतें. कलावंतांचा ज्यास परिचय आहे त्यास त्याचें मोल कळेल.

सर्वांत बोधप्रद वर्णन याम्य सत्त्वाचें आहे. यम म्हटला कीं आजच्या वाचकाच्या मनांत रेडा, पाश आणि भय उभें राहतें. आपला स्वभाव यमासारखा आहे असें ऐकून कोणास संतोष होईल असें वाटत नाहीं. चरकाचा याम्य पुरुष मात्र मर्यादेची रेषा न ओलांडणारा, प्राप्त कर्तव्य वेळेवर करणारा, उद्योगी, स्मृतिमान्, आणि राग, द्वेष, ईर्ष्या व मोह यांपासून मुक्त असा आहे. सुश्रुतानेंहि तो निर्भय व शुचि म्हटला आहे. हा नरकाचा अधिपति नव्हे. हा धर्मराज आहे, न्यायासनावर बसलेला.

आतां या यादींत कोण नाहीं तें पाहूं. विष्णु नाहीं, शिव नाहीं, देवी नाहीं, गणपति नाहीं, सूर्यहि नाहीं. सुश्रुताच्या शारीरस्थानांत हेच सात प्रकार ‘काय’ या संज्ञेनें येतात. तेथेंहि तीच स्थिति. नेपाळांत उपलब्ध झालेली व हेमराज शर्मा यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केलेली काश्यपसंहिता पाहावी, तर तींत शुद्ध सत्त्वाचा आठवा प्रकार वाढविलेला आहे. पण तोहि ‘प्राजापत्य’, म्हणजे वैदिक देवमंडळांतीलच.

ब्रह्मा, ऋषि व गंधर्व वगळतां जे चार उरतात, ते इंद्र, यम, वरुण आणि कुबेर, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम व उत्तर या दिशांचे चार लोकपाल. हीच चौकडी आपल्या महाराष्ट्रांत, जुन्नरजवळच्या नाणेघाटांतील सातवाहन राज्ञी नागनिकेच्या लेखांत आढळते. हा लेख बहुतेक विद्वान् इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील मानतात. त्याच्या आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य यांस वंदन करून पुढें यम, वरुण, कुबेर व वासव या चार लोकपालांस नांवानिशीं वंदन केलें आहे. चौथ्या शतकांतील समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखांत राजा कुबेर, वरुण, इंद्र व यम यांच्या समान म्हटला आहे. पुन्हा तेच चार. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत तर राजानें वर्षाकाळच्या इंद्राप्रमाणें प्रजेवर वर्षाव करावा, सूर्याप्रमाणें हळूहळू कर घ्यावा, यमाप्रमाणें प्रिय व अप्रिय यांस सारखेंच नियमांत ठेवावें, असें कर्तव्यपर सादृश्य सविस्तर सांगितलें आहे. चरकाची यादी या विचारपरंपरेंतली आहे. पुरुषाचा गुण सांगण्याकरितां लोकपाल हें त्या काळीं सर्वांस परिचित असें माप होतें.

त्या काळीं विष्णु व शिव यांची उपासना रूढ नव्हती म्हणून तीं नांवें नाहींत, असें कोणी म्हणेल. परंतु तें टिकत नाहीं. नाणेघाटाच्या लेखांत वासुदेव आहेच. आणि खुद्द चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, ज्वराच्या अध्यायांत, उमेसह व गणांसह शिवाचें पूजन आणि विष्णूच्या सहस्रनामाचें स्तवन ज्वरनाशाकरितां विहित केलें आहे. म्हणजे एकाच ग्रंथकारानें स्वभाव मोजण्याकरितां एक देवमंडळ आणि उपासनेकरितां दुसरें घेतलें. वारुण सत्त्वाच्या रोग्यानें वरुणाची आराधना करावी, असें तो कोठेंहि सांगत नाहीं. प्रकरणाच्या अखेरीस त्यानें आपला हेतु स्पष्ट केला आहे : ज्याचें जसें सत्त्व, तसा त्याचा उपचार व्हावा. हा वैद्याचा प्रश्न आहे, उपासकाचा नव्हे.

विरुद्ध पक्षाचें सर्वांत प्रबळ प्रमाण भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत आहे. तेथें सात्त्विक जन देवांस, राजस यक्षराक्षसांस व तामस प्रेतभूतांस भजतात असें म्हटलें आहे. पण हा भेद वर्गांचा आहे. देवांपैकीं अमुक एक देव अमुक स्वभावाचा, असें तेथें सांगितलेलें नाहीं. शाक्त तंत्रांतील पशु, वीर व दिव्य हे तीन भाव साधकाच्या प्रकृतीवरून ठरतात हें खरें. तथापि त्यांवरून मुख्यतः उपासनेची रीति ठरते.

मग प्रत्यक्ष व्यवहारांत दैवत कशावरून ठरत असे? महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर कुळावरून आणि स्थळावरून. भोसल्यांची तुळजाभवानी व शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव, होळकरांचा जेजुरीचा खंडोबा, शिंद्यांचा वाडी रत्नागिरीचा ज्योतिबा, हीं दैवतें कोणी आपला स्वभाव तपासून निवडलीं नाहींत. तीं जन्मानें लाभलीं. निवडीस अवकाश होता, तो कुलदैवताच्या जोडीस इष्टदैवत ठेवण्यांत. श्रीवर्धनकर भटांचें कुलदैवत हरिहरेश्वर. परंतु पेशवाईंत त्या घराण्याची गणेशभक्ति प्रसिद्ध आहे. खंडोबाच्या कुळांत सून म्हणून आलेल्या अहल्याबाईंचीं आज्ञापत्रें श्रीशंकराच्या नांवानें निघत. पंचायतनाच्या पूजेंतहि हाच अवकाश दिसतो. नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोणेचा तांबडा पाषाण इत्यादि पांचहि देव देवघरांत असावयाचेच. इष्टदैवत मध्यें येतें आणि बाकीच्या चौघांचे कोण त्याप्रमाणें बदलतात. विष्णु मध्यें असतां ईशान्येस शिव, आग्नेयेस गणपति, नैर्ऋत्येस सूर्य व वायव्येस देवी. शिव मध्यें आला कीं ईशान्येस विष्णु, आग्नेयेस सूर्य, नैर्ऋत्येस गणपति, आणि देवी वायव्येसच.

मध्यें कोणास बसवावें याचा निर्णय गुरूपदेश, नवस, दृष्टांत अथवा घराची चाल यांवर होई. मंत्रशास्त्रानें यासाठीं चक्रें रचिलीं आहेत, आणि मंत्र सिद्ध, साध्य, सुसिद्ध कीं अरि हें त्यांवरून पाहतात. त्या चक्रांत साधकाच्या नांवाचें आद्याक्षर विचारांत घेतात. त्याचा स्वभाव कसा आहे, हा प्रश्न तेथें येत नाहीं.