महाडच्या म्युनिसिपालिटीचा एक ठराव

महाडच्या चवदार तळ्याचा वृत्तांत सांगताना आमचे लेखक बहुधा २० मार्च १९२७ या दिवसापासून आरंभ करितात. त्या दिवसाचे माहात्म्य आम्हांसही मान्य आहे. परंतु त्याच्या मागेपुढे गावच्या म्युनिसिपालिटीने जे केले व जे केले नाही, तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तळे म्युनिसिपालिटीच्या ताब्यातले. तेव्हा जाब विचारावयाचा तो तिलाच होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलाने संमत केला. सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत, असा त्याचा आशय. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. स्थानिक संस्थांनी तो मनावर घ्यावा म्हणून, न मानणाऱ्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी मागणी बोले यांस १९२६ साली पुन्हा मांडावी लागली, यावरून काय ते समजावे.

महाडच्या म्युनिसिपालिटीने मात्र १९२४ सालीच तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला होता. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील एवढ्याशा गावास ही गोष्ट भूषणावहच होय. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावरची वहिवाट जशीच्या तशी चालू राहिली. अन्यधर्मीयांस तेथे मज्जाव नव्हता. अस्पृश्य मात्र तीन वर्षे तेथे फिरकू धजले नाहीत. तळ्याभोवती घरे स्पृश्यांची. पहिली घागर बुडविणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे ठरावाने कोठे सांगितले होते?

मार्च १९२७ च्या परिषदेनंतर डॉ. आंबेडकर व त्यांच्यासह आलेले हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, ते म्युनिसिपालिटीच्याच शब्दावर. त्यांनी नवे काही मागितले नव्हते. दिलेले वचन उगविण्यास ते आले होते. पुढे मंदिरात शिरण्याची खोटी आवई उठली, परत जाणाऱ्यांस मारहाण झाली, आणि गोमय-गोमूत्रादिकांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. म्युनिसिपालिटीने ज्यांस हक्क दिला, त्यांच्या स्पर्शाने म्युनिसिपालिटीचेच पाणी बाटले!

अशा वेळी लोकनियुक्त संस्थेचे काम काय? आपला ठराव पाळला का गेला नाही, याची चौकशी करणे, असे आम्ही म्हणू. महाडकर सभासदांनी सोपी वाट धरिली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे होत असता, त्यांनी १९२४ चा ठरावच रद्द केला. त्या काळी मताधिकार मिळकत व करभरणा यांवर ठरे. ज्यांस पाणी हवे होते त्यांपैकी फार थोड्यांच्या हाती मत होते. ज्यांस ते द्यावयाचे नव्हते, त्यांच्या हाती ते भरपूर होते. सभासदांस जाब द्यावा लागे तो या दुसऱ्यांनाच.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच काही स्पृश्य रहिवाशांनी तळे खाजगी असल्याचे सांगून दिवाणी दावा लाविला व तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तो मानून डॉ. आंबेडकरांनी तळ्यावर जाणे तहकूब केले; २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत.

दावा दहा वर्षे चालला. वादींचा भर अखेर अनादि वहिवाटीवर होता. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळिले. न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींस शिक्षा सांगितली होती तेच. अस्पृश्य आजवर पाणी भरीत नव्हते एवढे दाखविणे पुरेसे नाही, त्यांस वगळण्याची कायद्यास मान्य होईल अशी वहिवाट शाबीत झाली पाहिजे, आणि ती झालेली नाही, असा निर्णय पडला. १९२४ साली सभागृहात जे मान्य झाले होते, ते पदरात पडण्यास तेरा वर्षे आणि तीन न्यायालये लागली.