आजीचा डेरा आणि रवी

आपल्या तामलवाडीच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत गावच्या चार जुन्या गोष्टी याव्यात, अशी मंडळींची इच्छा. मी तहसील कचेरीतला साधा कारकून, इतिहासकार नव्हे. तरी आमच्या घरच्या डेऱ्याची हकिगत सांगतो. तीही गावच्या इतिहासातच जमा आहे.

ऊन चढण्यापूर्वी आजी घुसळायला बसे. रात्री विरजलेले दही डेऱ्यात ओतायचे, रवी घुसळखांबाला अडकवायची आणि दोरीचे वेढे देऊन ती दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. थंडीत कोमट पाणी घालीत, उन्हाळ्यात गार. यात शास्त्र आहे. घुसळण्याने स्निग्धाचे बारीक कण एकमेकांस चिकटून लोणी होते. दही फार गार असल्यास ते लवकर चिकटत नाहीत, उष्ण झाल्यास लोणी पातळ येते. आजी शाळेत गेली नव्हती, पण रवीच्या आवाजावरून लोणी आल्याचे ओळखी.

लोणी लवकर न आल्यास दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळीत. दिवेलागणीनंतर विरजण देत नसत. ताक विकणे कमीपणाचे मानीत. भांडे घेऊन आलेल्या शेजारणीस रिकामे परतवीत नसत. 'ताकाला जाऊन भांडे लपवू नये' ही म्हण त्या रीतीतच शोभते. घुसळण पुराणांतही आहे. समुद्रमंथनात मंदार पर्वताची रवी व वासुकीची दोरी झाली. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे आषाढी पौर्णिमेस काला होतो, तेव्हाच वारीची सांगता होते.

1970 साली 'दुधाचा महापूर' योजना देशात सुरू झाली. पुढे खेडोपाडी दूध डेअरीला जाऊ लागले, तसे आमचेही गेले. माझी दहावीच्या परीक्षेची फी त्याच पैशातून भरली, हे विसरून चालणार नाही. पण एके सकाळी शेजारच्या काकू भांडे घेऊन आल्या, आणि आजीला म्हणावे लागले, "आज ताक नाही गं." त्या दिवशी आजी नीट जेवली नाही.

डेरा पुढे फुटला. रवी मात्र माळ्यावर जपून ठेवली होती. ती मी या मंदिरास अर्पण करीत आहे. दरवर्षी गोकुळाष्टमीच्या काल्याला तिने ताक घुसळावे आणि येईल त्याला वाटीभर मिळावे, एवढीच गावकऱ्यांस व देणगीदारांस नम्र विनंती.