ओली भट्टी, कोरडी भट्टी



जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. खिडकीतून अल्मास टॉवर दिसतो, जवळजवळ ३६० मीटर उंच. पाहुणे आले की तलाव आणि दिवे बघतात. मला मात्र सिमेंट दिसतं, आणि सिमेंट दिसलं की कोळसा दिसतो. काय करणार, घरचाच धंदा! वडील सिमेंट कारखान्यात भट्टीवर बर्नर होते. मी त्याच उद्योगात ऊर्जाबचतीचं काम करतो. म्हणजे ज्या कामापायी वडिलांची नोकरी गेली, त्यावरच माझं घर चालतं. म्हणून हा इतिहास सांगावासा वाटला.

वडिलांची भट्टी ओल्या पद्धतीची. चुनखडी आणि माती पाण्यात दळून लगदा करायचा, त्यात ३०-४० टक्के पाणी. तो लांबलचक फिरत्या भट्टीत सोडायचा. आधी पाणी उडतं, मग ९०० अंशांच्या आसपास चुनखडी फुटते आणि शेवटी १४५० अंशांना क्लिंकर तयार होतो. स्वतःच घातलेलं पाणी कोळसा जाळून उडवायचं, हा वेडेपणा वाटेल. पण कोरडी पूड एकजीव करायचं तंत्र तेव्हा नीट जमलेलं नव्हतं. लगदा मात्र ढवळला की मिसळतो. किंमत काय? किलोभर क्लिंकरला १३०० ते १६०० किलोकॅलरी. रसायनशास्त्राच्या हिशोबाने लागतात जेमतेम ४२०!

यावरचा उपाय साधा होता. भट्टीतून बाहेर जाणारा गरम वायू फुकट का घालवायचा? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत हुम्बोल्ट कंपनीने उभा प्रीहीटर बसवला. वरून कोरडी पूड खाली येते, खालून गरम वायू वर जातो आणि वाटेतच पूड तापते. १९७० च्या दशकात जपान्यांनी त्याला प्रीकॅल्सिनर जोडला, म्हणजे चुनखडी बहुतांशी भट्टीच्या आधीच फुटते. आजच्या पाच-सहा टप्प्यांच्या चांगल्या भट्टीला ७०० ते ७५० किलोकॅलरी पुरतात. निम्म्यावर आलं की नाही?

आपल्याकडे हे उशिरा आलं. पोरबंदरला १९१४ मध्ये कारखाना सुरू झाला, १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. स्वातंत्र्यानंतर भाव आणि वाटप सरकारच्या हाती गेलं. भाव ठरलेला, माल हातोहात खपणारा, मग नव्या भट्टीत पैसे कोण घालणार? सिमेंटच्या परमिटचा काळ आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेलच. १९८२ च्या जानेवारीत सिमेंटवाटपाच्या प्रकरणात मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला, आणि पुढच्याच महिन्यात केंद्राने नियंत्रण अंशतः उठवलं. १९८९ मध्ये ते पूर्ण गेलं. तेलाच्या भडक्यानंतर कोळसा आणि वीज दोन्ही महागलेली. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीही आहे आणि कोळसाही. १९८३ मध्ये आवारपूरला एल अँड टीचा मोठा कोरड्या पद्धतीचा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर आले.

आणि वडिलांची भट्टी बंद झाली. ते निळ्या काचेतून ज्वाळेचा रंग बघून क्लिंकर कसा पडतोय ते सांगायचे. नव्या कारखान्यांत ते काम कंट्रोल रूममधले पडदे करत होते. मी इंजिनिअर होऊन पहिल्यांदा हिशोब मांडून दाखवला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पाण्यावर कोळसा जातोय हे आम्हालाही दिसत होतं रे. पण आम्हाला विचारलं कोणी?" त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. हिशोब माझा बरोबर होता, हेही तितकंच खरं.

गंमत म्हणजे आता आमचाही हिशोब अपुरा पडतोय. क्लिंकर करताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ६० टक्के चुनखडीतूनच सुटतो, इंधनातून नाही. भट्टी कितीही सुधारा, तो सुटणारच. मग एक मार्ग म्हणजे क्लिंकरच कमी वापरायचा. बुर्ज खलिफाच्या पायाच्या काँक्रीटमध्ये औष्णिक केंद्रांची राख, म्हणजे फ्लाय अॅश, वापरली आहे. आपल्या घाटघरच्या धरणात तर सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. त्याच खोऱ्यात खाली भंडारदरा आहे, १९२६ मध्ये पूर्ण झालेलं, चुन्यात बांधलेलं. आजही पाणी अडवून उभं आहे. घाणीत चुना मळून त्यात विटांची सुरखी घालणाऱ्या आपल्या जुन्या गवंड्यांना ही युक्ती ठाऊक होतीच. फक्त सुरखीच्या जागी राख आली.

तेव्हा भट्टीवर काम केलेलं कोणी तुमच्या घरात असेल, तर त्यांना विचारून लिहून ठेवा. आम्ही उशीर केला.

चूभूद्याघ्या.